स्थायिकत्वाचा प्रश्न आणि सल्ल्याचा बाजार

मुंबई-गोवा महामार्गाने सावंतवाडी मागे टाकली की गोव्याच्या हद्दीपूर्वी लागणारे महाराष्ट्रातील शेवटचे मोठे गाव म्हणजे तेरेखोल नदीकाठचे बांदा. येथून पत्रादेवीचा नाका काही मिनिटांच्या अंतरावर आहे. सकाळच्या बसगाड्यांतून आणि दुचाक्यांवरून येथील तरुण गोव्यात कामाला जातात आणि रात्री घरी परततात. नाक्यापलीकडचा पेडणे तालुका बांद्याला कधीच परका वाटला नाही. सोयरिकी, जत्रा, देवस्थाने आणि शेतीवाडी यांचे धागे दोन्ही बाजूंना गुंतलेले आहेत. कारण पेडणे महाल १७८८ पर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांच्याच अमलाखाली होता. त्या वर्षी तो पोर्तुगीजांकडे गेला आणि एकाच मुलखाचे दोन भाग दोन राज्यांत पडले.

सव्वादोनशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या रेषेने आज अनेक घरांत एक नवाच प्रश्न उभा केला आहे. आजी रेषेच्या कोणत्या बाजूला जन्मली, यावर नातवाला युरोपात कायमचे राहता येईल की नाही हे ठरू शकते. हा प्रश्न कायद्याचा आहे, त्याचे उत्तर कायद्याच्या जाणकाराने द्यावयाचे आहे, आणि असा जाणकार नेमका कोठे व कसा शोधावा हे मात्र कोणीच सांगत नाही.

एका घराचे उदाहरण कल्पनेने घ्यावे. आजी १९४८ साली पेडण्यातील एका गावी जन्मली. १९६७ साली लग्न होऊन ती बांद्यास आली. मुलगा १९७० चा. त्याच्या नावावर थोडी भातशेती आणि डोंगरउतारावर काजूची बाग आहे. नातू पदवीधर असून गोव्यातील एका कारखान्यात कंत्राटावर काम करतो. कोणी तरी त्याला सांगतो की आजीचा जन्मदाखला पोर्तुगीज आमदानीतला असल्यामुळे ‘तुझे काम होणार’. पुढचा टप्पा ठरलेला असतो. म्हापसा किंवा मडगाव येथील एखादा एजंट फाईल तयार करतो, ठोक रक्कम सांगतो, आणि आजीची ‘फक्त एक सही’ लागेल म्हणतो. त्या एका सहीत किती कायदे गुंतले आहेत याची कल्पना आजीला नसते, नातवालाही नसते आणि पुष्कळदा एजंटालाही नसते.

एक महिन्याची मुदत

या प्रश्नाचे मूळ १९६१ च्या डिसेंबरात आहे. १९ डिसेंबर रोजी गोवा, दमण व दीव मुक्त झाले. त्यापूर्वी सहा वर्षे, १५ ऑगस्ट १९५५ रोजी, याच बांद्याहून पत्रादेवीकडे निघालेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या झाडल्या होत्या आणि कित्येकांनी तेथे प्राण ठेवले होते. मुक्तीनंतर तेथील रहिवाशांच्या नागरिकत्वाचे काय, हे ठरविण्यासाठी केंद्र सरकारने २८ मार्च १९६२ रोजी एक आदेश काढला. ज्या व्यक्तीचा स्वतःचा, आईवडिलांपैकी किंवा आजीआजोबांपैकी कोणाचा जन्म २० डिसेंबर १९६१ पूर्वी या प्रदेशात झाला असेल, ती व्यक्ती त्या दिवसापासून भारतीय नागरिक समजली जाईल, असे त्यात म्हटले होते. ज्यांना पूर्वीचेच नागरिकत्व ठेवावयाचे होते त्यांनी तसे एका महिन्यात लेखी कळवावयाचे होते.

तसे लेखी कळविणाऱ्यांत मोन्सिन्योर सेबास्तियाव मोंतेरो हे धर्मगुरू होते. त्यांनी पोर्तुगीज राष्ट्रीयत्व कायम ठेवले. साहजिकच जन्मभूमीत राहण्यासाठी त्यांना परकीय म्हणून तात्पुरता रहिवास परवाना घ्यावा लागला. त्याची मुदत नोव्हेंबर १९६४ मध्ये संपली. त्यांनी ती वाढवून मागितली नाही. १९६५ साली त्यांना देश सोडण्याचा हुकूम झाला, तो त्यांनी मानला नाही, आणि तीस दिवसांची साधी कैद व पन्नास रुपये दंड अशी शिक्षा झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. व्यापलेल्या प्रदेशातील रहिवाशाला जिनिव्हा करारांचे संरक्षण आहे, असा त्यांच्या बाजूचा युक्तिवाद होता. प्रदेश भारतात विलीन झाल्यावर ‘व्याप्त प्रदेश’ ही स्थितीच संपली, असा निर्णय न्यायालयाने २६ मार्च १९६९ रोजी दिला.

या खटल्यातून सामान्य वाचकाने घ्यावयाचा बोध असा, की जन्म, जमीन, भाषा आणि मन एका ठिकाणी असूनही राहण्याचा हक्क एखाद्या तारखेवर आणि एका कागदावर अवलंबून असू शकतो. मोंतेरो यांची निवड जाणूनबुजून केलेली होती. आज तीच निवड ‘फक्त एक सही’ म्हणून अजाणतेपणी होते, एवढाच फरक आहे.

पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व ३१ डिसेंबर १९७४ च्या करारान्वये मान्य केले. परंतु त्या भूमीत पूर्वी जन्मलेल्यांचे राष्ट्रीयत्व त्याने नाकारले नाही. मुक्तीपूर्वी गोवा, दमण व दीव येथे जन्मलेल्या व्यक्तींना आणि त्यांच्या वंशजांना लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात नोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व मागता येते. १९८१ साली तेथे राष्ट्रीयत्वाचा नवा कायदा झाला आणि पुढे त्यात वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या. १ जानेवारी १९८६ रोजी पोर्तुगाल युरोपीय समुदायात सामील झाला, आणि गावच्या जन्मनोंदीच्या वहीतील एका ओळीला अकस्मात मोल आले. त्या ओळीच्या आधारे इंग्लंडात जाऊन कारखान्यांत व गोदामांत कष्ट करणारी हजारो गोमंतकीय कुटुंबे स्विंडनसारख्या शहरात वसली.

एका प्रश्नात चार कायदे

वकील शोधण्यापूर्वी प्रश्न काय आहे हे कळले पाहिजे. ‘परदेशात कायम राहणे’ या एका शब्दप्रयोगात दोन अगदी वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक म्हणजे कायम रहिवासाचा परवाना. अमेरिकेचे ग्रीन कार्ड किंवा कॅनडाचा स्थायी रहिवास घेणारा मनुष्य भारताचा नागरिकच राहतो. त्याचा पासपोर्ट आणि नागरिकाचे हक्क यांवर त्यामुळे गदा येत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे परक्या देशाचे नागरिकत्व. लिस्बनच्या नोंदीची वाट ही दुसऱ्या प्रकारची आहे. भारतीय नागरिकत्व कायदा, १९५५ याच्या नवव्या कलमानुसार जो भारतीय स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व मिळवतो, त्याचे भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी संपते. त्यासाठी निराळा अर्ज करावा लागत नाही आणि कोणाची नोटीसही येत नाही. आपल्या देशाला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. ‘ओसीआय’ कार्डाला बोलीत दुहेरी नागरिकत्व म्हणतात. पण ते नागरिकत्व नव्हे. ते धारण करणाऱ्याला मतदान करता येत नाही, संविधानिक पदे भूषविता येत नाहीत आणि शेतजमीन, मळा वा फार्महाऊस विकत घेता येत नाही.

आता पुन्हा त्या कल्पित घराकडे वळावे. नातवाची नोंद होण्यासाठी आधी त्याच्या वडिलांची नोंद व्हावी लागते, आणि वडिलांसाठी आजीची. म्हणजे ज्याला जावयाचे आहे तो एक. पण कायद्याच्या पुढ्यात उभी राहतात ती तिघे. आजीने लिस्बनला जुन्या जन्माची केवळ नोंद केली, की परके नागरिकत्व स्वेच्छेने मिळविले, हा वाद गोव्यात वर्षानुवर्षे चालू आहे आणि तो निवडणुकीच्या राजकारणापर्यंत पोहोचलेला आहे. त्या वादाचा निकाल आजीच्या विरुद्ध लागला तर मतदारयादीतील तिचे नाव, तिचा पासपोर्ट आणि नागरिक म्हणून मिळणारे लाभ हे सारे प्रश्नांकित होते. मुलाने नागरिकत्व घेतले तर काजूची बाग त्याच्याकडे राहू शकते, वारसाने येऊही शकते. पण शेजारचा अर्धा एकर मात्र त्याला पुढे कधी विकत घेता येणार नाही. मग घरातील कोणी सही करावी, कोणी करू नये, आणि सहीपूर्वी जमिनीचे वाटप करून घ्यावे काय, हे प्रश्न लिस्बनच्या कायद्यात नाहीत. ते दिल्लीच्या कायद्यात, परकीय चलन कायद्याच्या नियमांत आणि महाराष्ट्राच्या १९४८ च्या कुळवहिवाट व शेतजमीन कायद्यात आहेत.

चौथा कायदा ज्या देशात जावयाचे आहे तेथला. गोव्याच्या बाजारात आजही पोर्तुगीज पासपोर्ट म्हणजे लंडन असे समीकरण रूढ आहे. वस्तुतः ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी युरोपीय संघातून बाहेर पडले आणि त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला मुक्त संचाराचा हक्क संपला. त्या तारखेपूर्वी जे तेथे राहत होते त्यांच्यासाठी स्थायिकत्वाची खास योजना होती आणि तिच्या अर्जांची सर्वसाधारण मुदत ३० जून २०२१ ही होती. पाच वर्षांचे सलग वास्तव्य सिद्ध करणाऱ्याला कायमचा दर्जा आणि इतरांना तात्पुरता दर्जा मिळाला. आज नव्याने पोर्तुगीज पासपोर्ट घेणाऱ्याला पोर्तुगालात, आयर्लंडात किंवा फ्रान्समध्ये राहता येईल. केवळ त्या पासपोर्टावर इंग्लंडात घर मांडता येणार नाही. ही एक गोष्ट वेळीच कळली तर कित्येक फाईली उघडल्याच जाणार नाहीत.

कागद आणि माणूस यांची गाठ घालणे हे आणखी एक काम आहे. मराठी घरांत लग्नात मुलीचे आडनावच नव्हे, तर नावही बदलण्याची रीत होती. पोर्तुगीज वहीत जन्मलेली मुलगी एका नावाची, आणि बांद्याच्या शिधापत्रिकेवरील सून दुसऱ्याच नावाची. त्यात लिपीची भर पडते. पोर्तुगीज लेखनिकाने ‘नाईक’ हे आडनाव अखेरीस क्यू-यू-ई जोडून लिहिलेले असते, ‘गावकर’मधला ‘क’ सी या अक्षराने लिहिलेला असतो. ही दोन माणसे एकच आहेत हे प्रतिज्ञापत्राने आणि जुन्या नोंदींनी सिद्ध करावे लागते. येथे अधीर माणसाला सोपा मार्ग दाखविणारे भेटतात: दाखल्यात थोडी ‘दुरुस्ती’ करू, तारीख ‘जुळवून’ घेऊ. खोटेपणाची सुरुवात बहुधा अशा किरकोळ ठिकाणी होते आणि तिची शिक्षा अर्जदाराला होते. २०२२ नंतर परकीय नागरिकत्व दडविल्याच्या कारणावरून गोव्यातील अनेकांचे भारतीय पासपोर्ट रद्द करण्यात आले. पासपोर्ट परत केल्याचे प्रमाणपत्र न मिळाल्याने त्यांची ओसीआय कार्डे अडली. शेवटी पासपोर्ट रद्द केल्याचा कागदच पर्याय म्हणून स्वीकारण्याचा निर्णय केंद्राला २०२४ साली घ्यावा लागला. ज्यांना आरंभीच योग्य सल्ला मिळाला असता त्यांना या फेऱ्यातून जावे लागले नसते.

पारख न होणारा माल

चांगला सल्लागार सापडणे इतके अवघड का असावे? याचे उत्तर अर्थशास्त्रात आहे. जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले, की विकणाऱ्याला मालाचा दोष ठाऊक असतो आणि घेणाऱ्याला नसतो तेव्हा घेणारा सरासरी किमतीहून अधिक द्यायला तयार होत नाही. मग चांगला माल बाजारातून उठतो आणि टाकाऊ उरतो. या विचाराचा गौरव २००१ च्या नोबेल पारितोषिकाने झाला. पुढे १९७३ साली डार्बी आणि कार्नी यांनी आणखी एक प्रकार दाखवून दिला: असा माल, की ज्याची पारख वापरल्यानंतरही होत नाही. जुनी मोटार निदान रस्त्यात बंद पडून आपले खरे रूप दाखविते. स्थायिकत्वाचा अर्ज नामंजूर झाला तर तो सल्ला चुकल्यामुळे झाला, नशिबाने झाला की कायदा बदलल्यामुळे झाला, हे अर्जदाराला कधीच कळत नाही. मंजूर झाला तर न लागणाऱ्या कामाचे पैसे घेतले गेले काय, हेही कळत नाही. शिवाय हा सौदा माणूस आयुष्यात एकदाच करतो. रोजच्या किराणा दुकानदाराला गिऱ्हाईक परत येण्याची चाड असते. एजंटाला ती नसते.

आपल्याकडील नियमांनी ही स्थिती थोडी अधिक बिकट केली आहे. भारतीय वकील परिषदेच्या छत्तिसाव्या नियमानुसार वकिलाला जाहिरात करता येत नाही. व्यवसायाची प्रतिष्ठा राखणारा हा नियम योग्यच आहे. परंतु त्याचा परिणाम असा होतो, की भिंतीवर, बसस्थानकावर आणि वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींत ज्यांची नावे दिसतात ते बहुधा वकील नसतात. आणि जे वकील असतात त्यांची नावे दिसत नाहीत. परदेशी वकिलांचेही तसेच. त्यांना भारतात व्यवसाय करता येणार नाही, फार तर तात्पुरते येऊन सल्ला देता येईल, असे सर्वोच्च न्यायालयाने १३ मार्च २०१८ रोजी स्पष्ट केले. पुढे २०२३ पासून परस्परतेच्या तत्त्वावर काही दारे किलकिली झाली. पण ती मोठ्या व्यापारी प्रकरणांसाठी आहेत. म्हापशाच्या बाजारात पोर्तुगीज वकिलाची पाटी दिसेल अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.

याहून महत्त्वाची उणीव कायद्याची आहे. परदेशी नोकरीसाठी माणसे भरती करणाऱ्या एजंटावर १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याने नोंदणीचे बंधन आहे. आखाती देशांत जाणाऱ्या कोकणी माणसाला त्या कायद्याचा थोडाफार आधार आहे. परंतु जो नोकरी देत नाही, फक्त ‘मार्गदर्शन’ करतो, स्थायिकत्वाची किंवा नागरिकत्वाची फाईल करतो, तो त्या नोंदणीच्या कक्षेबाहेर राहतो. पंजाबने २०१२ साली अशा व्यावसायिकांसाठी परवान्याचा कायदा केला. तेथेही फसवणूक थांबली असे कोणी म्हणणार नाही. पण तक्रार कोणाविरुद्ध आणि कोठे करावयाची हे निदान ठरले.

ओळख कशी पटावी?

अशा बाजारात सामान्य माणसाने काय करावे? पहिली कसोटी म्हणजे सल्लागार कोणाला जबाबदार आहे हे विचारणे. भारतीय वकिलाची नोंद राज्याच्या वकील परिषदेकडे असते. त्याच्या गैरवर्तनाबद्दल तेथे तक्रार करता येते आणि अशिलाने त्याच्याशी केलेले बोलणे गुप्त ठेवण्याचे बंधन त्याच्यावर असते. महाराष्ट्र व गोवा यांची वकील परिषद एकच आहे, ही बांद्याच्या दृष्टीने सोयीची गोष्ट होय. पोर्तुगालमधील वकिलाचे नाव तेथील वकील परिषदेच्या यादीत पाहता येते. ब्रिटनमध्ये वकिलांखेरीज पैसे घेऊन असा सल्ला देणाऱ्यावर १९९९ च्या कायद्याने नोंदणीची सक्ती आहे. ती पाहणाऱ्या कार्यालयाचे नाव जानेवारी २०२५ मध्ये बदलून ‘इमिग्रेशन अॅडव्हाइस अथॉरिटी’ असे झाले. कॅनडात वकील किंवा तेथील सल्लागारांच्या अधिकृत महाविद्यालयाचे सभासद यांनाच मोबदला घेता येतो, आणि अर्जावर प्रतिनिधीचे नाव लिहावे लागते. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथेही अशीच नोंदणी आहे. अमेरिकेत हे काम वकिलांचे किंवा सरकारमान्य प्रतिनिधींचे आहे. आणि स्थलांतराचा कायदा केंद्रीय असल्याने कोणत्याही एका राज्याचा परवानाधारक वकील ते करू शकतो. या साऱ्या याद्या विनामूल्य पाहता येतात. ‘तुमचा नोंदणी क्रमांक कोणता?’ हा एकच प्रश्न विचारल्यावर निम्मी गर्दी ओसरेल.

दुसरी कसोटी म्हणजे अर्जावर सही कोण करतो हे पाहणे. जो पैसे घेतो, पण आपले नाव अर्जावर येऊ देत नाही, तो अडचणीच्या वेळी सापडणार नाही. कॅनडात चुकीच्या माहितीबद्दल अर्जदारावर पाच वर्षांची बंदी येऊ शकते. ती एजंटावर येत नाही. तिसरी कसोटी हमीची. निर्णय दुसऱ्या देशाच्या सरकारच्या हाती असतो, म्हणून कोणताही प्रामाणिक वकील निकालाची हमी देत नाही. जितकी हमी ठाम, तितका संशय अधिक, असे समजावे. अमेरिकेच्या बाबतीत तर आकडेच बोलतात. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डे वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार, आणि एका देशाच्या वाट्याला सर्वसाधारणपणे ७ टक्क्यांची मर्यादा. भारतीयांची रांग त्यामुळे कित्येक वर्षांची झालेली आहे. कोणत्याही वकिलाला ती रांग तोडता येत नाही. आपण तिच्यात कोठे आहोत आणि नोकरी बदलल्यास तेथेच राहू काय, एवढे तो सांगू शकतो. तेवढ्याचीही किंमत मोठी आहे.

चौथी गोष्ट पैशाच्या हिशेबाची. ठोक रकमेऐवजी सरकारी शुल्क, भाषांतराचा खर्च, कागदांवरील अपॉस्टिलचा खर्च आणि सल्लागाराची फी असे चार रकाने मागावेत आणि प्रत्येकाची पावती घ्यावी. मूळ दाखले हातचे जाऊ देऊ नयेत; प्रमाणित प्रती द्याव्यात. मुखत्यारपत्र द्यावेच लागले तर ते त्या एका कामापुरतेच असावे; कुलमुखत्यारपत्रावर सही करून बागेचाही अधिकार देऊन बसण्याची चूक करू नये. परभाषेतील कागदावर सही करण्यापूर्वी त्याचे मराठी भाषांतर फाईल करणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावे.

सर्वांत महत्त्वाची कसोटी मात्र पहिल्या भेटीतच लागते. जो सल्लागार ‘काय मिळेल’ एवढेच सांगतो तो विक्रेता होय. ‘काय जाईल’ हे जो न विचारता सांगतो, घरात जमीन किती, आजीचे उत्पन्नाचे साधन काय, लहान मुले किती, कोणी सरकारी नोकरीत आहे काय, हे जो आधी विचारतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जावे. असा सल्लागार बहुधा एकटा पुरा पडत नाही. लिस्बनच्या नोंदीसाठी पोर्तुगीज वकील, नागरिकत्व व पासपोर्ट यांसाठी येथला वकील, आणि जमिनीसाठी सावंतवाडीच्या न्यायालयात रोज उभा राहणारा दिवाणी वकील, अशा तिघांची गरज पडू शकते. प्रकरण उच्च न्यायालयात गेलेच तर गोव्यातील रहिवाशाला पर्वरीला जावे लागते आणि सिंधुदुर्गच्या रहिवाशाला ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे. नदीच्या दोन काठांवरील भावंडांना एकाच प्रश्नासाठी दोन ठिकाणी जावे लागावे, हाही त्या जुन्या रेषेचाच प्रताप.

खर्च कोणी करावा?

यावर साधा आक्षेप येईल की एजंटाचीच फी उसनवारीने भरणाऱ्या घराने तीन वकील कोठून आणावेत? आक्षेप खोटा नाही. परंतु पूर्ण काम वकिलाकडून करून घेणे आणि काम सुरू करण्यापूर्वी तासाभराचा सल्ला घेणे या दोन गोष्टींच्या खर्चात फार अंतर आहे. फाईल एजंटाने केली तरी चालेल. पण ती करावी की नाही, हे त्याला विचारू नये. ज्याला काम मिळाल्यावरच पैसे मिळतात त्याला ‘काम करू का?’ असे विचारण्यात अर्थ नसतो.

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि अल्प उत्पन्नाचे लोक यांना विनामूल्य कायदेशीर मदतीचा हक्क दिलेला आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण ओरोसला आहे आणि राष्ट्रीय प्राधिकरणाचा दूरध्वनी क्रमांक १५१०० हा आहे. आजी ही स्त्री असल्यामुळे, उत्पन्न कितीही असले तरी, ती या मदतीस पात्र ठरते. सहीपूर्वी तिने एक अर्ज करून आपल्या नागरिकत्वाचे काय होईल एवढे विचारले, तर निदान भारतीय कायद्याची बाजू तिला समजेल. ही मदत घटस्फोट आणि पोटगी यांच्यासाठीच असते, अशी समजूत आहे. ती दूर करण्याचे काम वकील संघांनी आणि महाविद्यालयांनी हाती घेण्याजोगे आहे. सावंतवाडी, दोडामार्ग आणि पेडणे येथील वकिलांनी मिळून वर्षातून दोनदा बांद्यात शिबिर भरविले, नागरिकत्व, कायम रहिवास आणि ओसीआय यांतील भेद एका पानावर मराठीत छापून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावला, तर त्याला फारसा खर्च येणार नाही. राज्य सरकारनेही सल्लागारांच्या नोंदणीचा विचार करावा. निदान नाव, पत्ता, पावती आणि लेखी करार एवढी चार बंधने घालण्यास केंद्राची वाट पाहण्याचे कारण नाही.

परदेशी जाणाऱ्यांना देशाभिमानाचे धडे देणे सोपे आहे. ज्या राजवटीशी लढताना याच वाटेवर माणसे मेली, तिच्याच राष्ट्रीयत्वासाठी आज रांग लागावी, याचा विषाद वाटणेही स्वाभाविक आहे. पण कंत्राटावर राबणाऱ्या तरुणाला त्याचे उत्तर हवे असते ते पगारात, आणि तो पगार येथे मिळत नाही तोवर ही रांग राहणार. तिच्यात उभे राहावयाचे की नाही, हा ज्याच्या त्याच्या घराचा निर्णय आहे. तो निर्णय घेण्यापूर्वी घरातल्या तिघांनाही, आणि विशेषेकरून जिला कोठेच जावयाचे नाही त्या आजीला, आपण कशावर सही करीत आहोत हे तिच्या भाषेत कळले पाहिजे.